याप्य

"निकाल लागून गेल्यावर मुदत मागायची, ती कोणत्या कलमाखाली?" असा प्रश्न माझे थोरले चुलते, ज्यांना सोलापुरातली सारी बाळीवेस अण्णा म्हणून ओळखत असे, त्यांनी मला विचारला, त्या वेळी ते आमच्या माळवदाच्या घरातल्या सोप्यात खांबाला पाठ लावून बसले होते; उजव्या बरगड्यांच्या मधून निघालेली एक बारीक नळी त्यांच्या कमरेशी बांधलेल्या पिशवीत जाऊन मिळत होती, आणि त्या नळीतून सोनेरी-हिरवे पित्त अगदी संथपणे पिशवीत उतरत होते. तीस वर्षे न्यायालयाच्या दप्तरात काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ मरणाविषयीही कचेरीच्याच भाषेत विचार करीत. त्यात थट्टेचा लवलेश नसे. ती भाषा त्यांच्या लेखी खरे बोलण्याची भाषा होती. घरात कॅन्सर हा शब्द उच्चारायचा नाही असा आम्ही सर्वांनी मिळून ठराव केला होता, आणि अण्णांनी तिसऱ्याच दिवशी स्वतःची फाइल मागवून घेऊन ती पहिल्या पानापासून वाचून काढली होती. निकालपत्रात निर्णयाचा परिच्छेद नेमका कोठे असतो हे ज्यांना आयुष्यभराच्या सवयीने ठाऊक, त्यांच्यापासून आम्ही काय लपवणार होतो?

दुखणे पित्तनलिकेचे होते. यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागांतून येणाऱ्या दोन नलिका ज्या ठिकाणी एकत्र मिळतात, त्या संगमावरच गाठ धरली होती. अमेरिकेतील गेराल्ड क्लॅट्स्किन या वैद्याने १९६५ साली या जागेच्या गाठींचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून त्यांना त्याच्या नावाने ओळखतात. गाठ सुपारीएवढीसुद्धा नसते, पण जागा अशी अडचणीची की यकृताला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या तिला अगदी लगटून जातात, आणि गाठीने त्यांना विळखा घातला की शस्त्रवैद्याचा हात तेथे थांबतो. तोपर्यंत रोगी पिवळा पडलेला असतो, लघवी काळसर आणि शौच पांढुरके झालेले असते, आणि अंगाला अशी खाज सुटते की रात्रीची झोप म्हणजे काय याचा विसर पडावा. निरोगी यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. वाट बंद झाली तरी ते तयार करणे थांबवीत नाही, आणि ते सारे रक्तात परतते. शेजारच्या एका वृद्धेने अत्यंत मायेने काविळीची माळ आणून अण्णांच्या गळ्यात घातली होती. अण्णांनी ती काढली नाही. रुग्णालयात त्वचेतून यकृतात नळी घालून पित्ताला बाहेरची वाट करून दिली, आणि चार-पाच दिवसांनी अण्णा रात्रभर झोपले. काकू त्या सकाळी देवापुढे बसून रडल्या. रोग जागच्या जागी होता, बरे काहीच झाले नव्हते. परंतु एका माणसाला झोप लागली होती. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते सारे त्या सकाळच्या प्रसंगातून निघालेले आहे.

पुढे डॉक्टरांनी सुचवले ते असे की, प्रथम पंचवीस दिवस बाहेरून किरण द्यावेत आणि मग त्याच नळीच्या वाटेने, प्रत्यक्ष गाठीच्या पोटात इरिडियम या किरणोत्सारी धातूचा दाणा नेऊन, आतून. आमच्याकडे किरणोपचाराला लोक 'शेक' म्हणतात; म्हणजे बाहेरचा शेक आणि मग आतला शेक. याने गाठ जाणार नाही, वाट काही काळ मोकळी राहील आणि थोडे आयुष्य मिळेल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. अण्णांचा प्रश्न तेव्हाचा.

हा प्रश्न त्यांना इतक्या तीव्रतेने पडण्याचे कारण त्यांच्या धर्मात होते. आम्ही लिंगायत. शरणांच्या, म्हणजे आमच्या संतांच्या, परंपरेत मरण म्हणजे भयाची गोष्ट नव्हे, महानवमीचा सण होय, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सण दारी आला असता तो आठ-दहा महिने पुढे ढकलावा अशी दरखास्त करणे म्हणजे आजवर केलेल्या लिंगपूजेवरच अविश्वास दाखवणे नव्हे काय? असाध्य रोगात उपचार घेणे हा धर्म की मोह, असे त्या प्रश्नाचे शास्त्री पद्धतीचे रूप होईल. मोह म्हणून तो निकालात काढणे सोपे आहे, आणि जे निरोगी आहेत त्यांना ते विशेषच सोपे जाते.

आपल्या वैद्यकाच्या आद्य ग्रंथात या वादाला फार जुनी जागा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात मैत्रेय नावाचा ऋषी पुनर्वसु आत्रेयांना उघड आव्हान देतो. उत्तम वैद्य, उत्तम औषध, दक्ष परिचारक आणि आज्ञाधारक रोगी हे चारही असताना कित्येक मरतात, आणि यांतले काही नसताना कित्येक बरे होतात. तेव्हा औषध देणे म्हणजे तळ्यात ओंजळभर पाणी ओतणे, वाळूच्या ढिगावर मूठभर धूळ टाकणे. केले काय, न केले काय, सारखेच. शास्त्रग्रंथाने आपल्या पोटातच असा प्रतिवादी उभा करावा, याचे मला फार अप्रूप वाटते. आत्रेय त्याला सांगतात की, पडलेला माणूस आपण होऊन उठण्यास समर्थ असला तरी कोणी हात दिला तर तो लवकर आणि कमी क्लेशाने उठतो. उत्तर मार्मिक आहे. पण ते ज्याला उठता येईल त्याच्यापुरते. जो उठणारच नाही त्याच्याविषयी आत्रेय कठोर आहेत. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याचे धन, विद्या आणि यश यांची हानी होते, असे ते स्पष्ट बजावतात.

तथापि त्याच अध्यायात पुढे असाध्याचे दोन भाग केले आहेत, आणि त्या विभागणीत मला आपल्या पूर्वजांची थोर माणुसकी दिसते. एक प्रत्याख्येय, म्हणजे ज्याला वैद्याने नाही म्हणावे असा. दुसरा याप्य. 'या', म्हणजे जाणे, या संस्कृत धातूपासून हा शब्द आला, आणि कालयापन या आपल्या नेहमीच्या शब्दाचे मूळही तेच. ज्या रोगात काळ सुसह्यपणे नेता येतो, उपचार चालू आहे तोवर जो आवरलेला राहतो आणि उपचार थांबताच उसळतो, तो याप्य. सुश्रुताने यासाठी घराचा दृष्टान्त योजला आहे: कोसळू पाहणाऱ्या घराला जाणत्या हाताने लावलेला टेकू जसा त्याला धरून ठेवतो, तशी योग्य वेळी केलेली चिकित्सा याप्य रोग्याला धरून ठेवते. आमच्याकडे जुन्या माळवदांना असे टेकू लावून त्यांच्याखाली दोन-दोन पिढ्या नांदलेल्या मी पाहिल्या आहेत. टेकू लावणारा सुतार घर नवे करून देण्याचा दावा करीत नाही, आणि घरातले लोकही त्याला फसवा म्हणत नाहीत.

वस्तुतः साध्य आणि याप्य ही रोगाची नावे असली तरी आपण नकळत ती उपचाराला लावून मोकळे होतो, आणि बरे न करणारा उपचार तो हलक्या प्रतीचा असे मानू लागतो. हे मानणे किती चुकीचे, ते जवळच्याच उदाहरणाने पाहू. आमच्याच जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कॅन्सरची नोंदवही चालू आहे. देशातील अशी ती पहिली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगाव फिरून कोणाला काय झाले हे कार्यकर्ते लिहून आणीत. अण्णांना या कामाविषयी नितांत आदर वाटे. ज्या दुःखाची नोंद झाली नाही त्याची दाद लागत नाही, हे त्यांचे नेहमीचे म्हणणे. बार्शीच्या डॉक्टरांनी शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांची जी पाहणी केली, तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मूळ असलेल्या विषाणूची एकदाच केलेली चाचणीही त्या रोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणू शकते हे जगाला कळले. त्या रोगात आतून किरण देण्याची हीच पद्धत, हाच इरिडियम धातू, स्त्रियांना पूर्ण बरे करतो. तोच दाणा एका रोग्याच्या देहात रोग समूळ नष्ट करतो आणि दुसऱ्याच्या देहात केवळ चार-आठ महिन्यांची मोहलत देतो. दाण्याच्या गुणात भेद नाही. मग तो योजणाऱ्याच्या पुण्यात भेद कसा करावा? पित्तनलिकेच्या रोगातही अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९३ पासून निवडक रोग्यांना प्रथम बाहेरून आणि आतून किरण देऊन मग यकृताचे रोपण करण्याचा मार्ग चोखाळला, आणि याप्य म्हणून सोडलेल्यांपैकी काही थोडे कृच्छ्रसाध्यांच्या, म्हणजे कष्टाने बऱ्या होणाऱ्यांच्या, पंक्तीला येऊन बसले. अण्णांचे वय आणि गाठीचा पसारा पाहता त्यांच्यापुढे तो मार्ग नव्हता. औषधाने किती काळ मिळतो याचेही मोजमाप झालेले आहे: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत एका औषधावर निम्मे रोगी ८.१ महिन्यांपर्यंत जगले, तर दोन औषधे जोडून दिल्यावर ११.७ महिन्यांपर्यंत. साडेतीन महिने. हा आकडा वाचून ज्याला हसू येईल त्याने एखाद्या घरात ते साडेतीन महिने काढावेत.

आतून किरण देणाऱ्या त्या धातूविषयी येथे थोडे विषयांतर करतो. इरिडियम पृथ्वीच्या कवचात फार विरळा आहे, आकाशातून पडणाऱ्या अशनींत मात्र तो पुष्कळ सापडतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळली तेव्हा या धातूचा एक पातळ थर जगभर पसरला, आणि साधारण त्याच युगात, ज्या काळ्या पाषाणावर आमचे सोलापूर वसले आहे तो पाषाण लाव्हा होऊन वाहत होता. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून हा धातू किरणोत्सारी होतो. त्याचा तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असा कण धातूच्या कुपीत बंद करून लांब तारेच्या टोकाला जोडलेला असतो. सुमारे ७४ दिवसांनी त्याचे तेज निम्मे होते. मग तेवढाच शेक देण्यास दुप्पट वेळ लागतो, आणि तीन-चार महिन्यांनी दाणा बदलावा लागतो. याचा खरा महिमा मात्र तेजात नसून सान्निध्यात आहे. समईपासून दुप्पट अंतरावर गेले की प्रकाश चौथाई होतो, तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. हाच नियम येथे लागू. म्हणून दाणा गाठीच्या अगदी अंतर्यामी नेऊन ठेवला की गाठ भाजते आणि बोटभर अंतरावरचे आतडे पुष्कळ अंशी वाचते. दुरून दिलेले सामर्थ्य सर्वांनाच पोळते. जवळून दिलेले नेमके लागते. या पद्धतीच्या पाश्चात्य नावातील ग्रीक शब्दाचा अर्थही आखूड, थोड्या अंतराचा, असाच आहे.

आणि आपला शब्द पाहा. उपचार म्हणजे जवळ जाणे, जवळ वावरणे. देवाला आपण सोळा उपचार करतो: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य. त्या सोळांतील एकाही उपचाराने देवाच्या ठिकाणी काही उणे होते ते भरून निघत नाही. देवाला स्नान घालतो ते देव मळला म्हणून नव्हे. जवळ जाण्याची, जवळ राहण्याची ती रीत आहे, आणि रोग्यासाठी जे करायचे त्यालाही आपल्या भाषेने हाच शब्द दिला. उपासना म्हणजे जवळ बसणे. उपनिषद या शब्दातही तोच भाव. चरकाने वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या, त्यांत आर्तांविषयी कारुण्य आहे, साध्य रोग्याविषयी प्रीती आहे, आणि ज्यांचा देह प्रकृतीकडे परतू लागला आहे त्यांच्याविषयी उपेक्षा आहे. उपेक्षा हा शब्द आज आपण हेळसांड या अर्थी वापरतो. परंतु उप आणि ईक्षा, जवळ राहून पाहणे, एवढाच त्याच्या घडणीतला अर्थ. आत्रेयांना जो अर्थ अभिप्रेत होता तो अलिप्ततेकडे झुकणारा असेल, हे मी नाकबूल करीत नाही. तरीही शब्दाच्या अवयवांत जे दडले आहे ते घेण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला असतो असे मला वाटते, आणि मरणाऱ्याला सोडून न जाता त्याच्याकडे जवळून पाहत राहणे ही वैद्याची चौथी वृत्ती आहे असे मी समजतो.

कोणी म्हणेल की, खरे ज्ञानी पुरुष असे उपचार घेत नाहीत. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे हृदयविकारानंतर अन्न आणि औषध दोन्ही सोडले आणि १५ तारखेला देह ठेवला. त्या निर्धारापुढे मी नतमस्तक आहे. परंतु तिरुवन्नामलै येथील रमण महर्षींची गोष्टही लक्षात घ्यावी. १९४८ च्या अखेरीस त्यांच्या डाव्या दंडावर दुष्ट गाठ उद्भवली. पुढच्या वर्षभरात चार वेळा शस्त्रक्रिया झाल्या, रेडियमही लावण्यात आले. हात कापण्यास तेवढे त्यांनी संमती दिली नाही. अॅलोपॅथीच्या डॉक्टरांमागून वैद्य आले, वैद्यांमागून होमिओपॅथ आले, आणि महर्षींनी कोणालाही परत धाडले नाही. १४ एप्रिल १९५० रोजी त्यांचे निर्वाण झाले. 'मी देह नव्हे' हे ज्यांनी आयुष्यभर सांगितले, त्यांनी त्याच देहावर रेडियम लावू दिले, ते जगण्याच्या हव्यासाने असे कोण म्हणेल? भोवतालच्या माणसांना काहीतरी करू देणे, त्यांच्या प्रेमाला हात घालण्यास जागा देणे, हे त्यांच्या शरणागतीत बसत होते. विनोबांचा नकार आणि महर्षींचा होकार यांपैकी कोणता थोर, असा वाद मला व्यर्थ वाटतो. दोघांनीही निर्णय स्वतःचा स्वतः केला, आणि भीतीने केला नाही.

आमच्या गावाला तर हा वाद आठ शतकांपासून परिचित आहे. सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजेच आजच्या सोलापुरात, देवळे बांधली, अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि हजारो हातांनी तळे खणवले. शरण अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी या मातीकामाची कठोर झडती घेतली: बाहेर खणत बसलास, आत कधी खणणार? परंपरा सांगते की सिद्धराम त्यांच्याबरोबर शरणांच्या कल्याणला गेले आणि तेथे त्यांना अंतरीच्या लिंगाची खूण मिळाली. लहानपणी मला वाटे की या कथेत अल्लम जिंकले. अण्णांच्या आजारात मी अनेक संध्याकाळी तळ्याच्या काठी बसलो, तेव्हा निराळे दिसू लागले. अल्लमांनी सिद्धरामांना आत नेले खरे, पण तळे कोणी बुजवले नाही. सोलापूर हा दुष्काळाचा मुलूख. त्या तळ्याचे पाणी आजवर जे जे प्याले ते सर्व यथाकाळ मेले, आणि जोवर जिवंत होते तोवर त्यांना पुन्हा तहानही लागली. पाण्याने तहान कायमची जात नाही म्हणून पाणी पाजणे व्यर्थ, असे मैत्रेयसुद्धा म्हणाला नसता.

हे मी अण्णांना बोलून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुदतीच्या अर्जात कारण लिहावं लागतं, बाळा. कारण नसेल तर कोर्ट अर्ज फेटाळतं." त्यांच्यापाशी कारण होते. आमच्या घरात मोडी लिपीतले एक जुने दप्तर आहे, आणि ते वाचणारे घरात तेच एकटे उरले होते. धाकट्या नातीला मोडी शिकवावी असे त्यांच्या मनात होते. तेवढे कारण त्यांना पुरे वाटले आणि ते उपचारासाठी मुंबईला जाण्यास तयार झाले. मला मात्र त्यांचे हे म्हणणे आजही सर्वस्वी पटत नाही. ज्याच्यापाशी कारण नाही, जो केवळ उद्याची सकाळ पाहावी म्हणून जगू इच्छितो, त्याच्या अर्जाचे काय? तळे कोणाला कारण विचारत नाही.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आम्ही रात्री निघालो आणि दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलो. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या त्या साधूच्या नावाने उभी असलेली ती वास्तू वर्षानुवर्षे कॅन्सरच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देत आली आहे. तेथील जिन्यावर, ओळीने वाळत घातलेल्या धोतरा-लुगड्यांच्या आड, बीडची, नांदेडची, बिहारची माणसे एकमेकांना आपापल्या तारखा विचारत बसलेली असत. अण्णांना तेथे फार बरे वाटले. "हे अगदी कोर्टाच्या व्हरांड्यासारखं आहे," असे ते म्हणाले.

आतल्या शेकाच्या दिवशीचा प्रसंग मी तपशिलाने सांगतो. प्रथम नळीत खुणेची तार घालून क्ष-किरणांचा फोटो काढायचा होता, म्हणजे दाणा कोठे कोठे आणि किती सेकंद थांबवायचा याचा हिशेब करता येतो. तंत्रज्ञ तरुण होता, अदबीचा होता. "बाबा, अंगावर धातूचं काही असेल तर काढून ठेवा, फोटोत सावली येते," असे तो म्हणाला. अण्णांच्या छातीवर शिवदाऱ्यात चांदीची करडगी होती आणि तिच्यात इष्टलिंग. दीक्षा झाल्यापासून ते त्यांच्या देहावरून क्षणभरही उतरले नव्हते. लिंग देहापासून विलग होणे म्हणजे आमच्यात प्राण जाण्यासारखेच. तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिले, मी काकूंकडे पाहिले. अण्णांनी मात्र शांतपणे करडगी उघडली, वस्त्रात गुंडाळलेले काळे लिंग बाहेर काढून डाव्या तळहातावर ठेवले, त्यावर बोटे मिटली, आणि रिकामी करडगी काकूंच्या हाती दिली. "चांदी तुमची, हे माझ्यापाशी राहील," ते म्हणाले. लिंगपूजेची मुद्रा तीच: डाव्या तळहातावर लिंग. तंत्रज्ञाने हात दुसऱ्या बाजूला, पोटापासून दूर, उशीवर टेकवून दिला आणि काही बोलला नाही.

मग सर्वांना बाहेर जावे लागले. जवळून करण्याचा हा उपचार, पण तो चालू असताना रोग्याच्या जवळ कोणीही थांबू शकत नाही. डॉक्टर नाही, परिचारिका नाही, पत्नी नाही. जाड दरवाजा लागला, वरचा लाल दिवा पेटला. बाहेरच्या पडद्यावर अण्णा दिसत होते. यंत्रातून प्रथम एक नुसती तार जाऊन वाट मोकळी आहे याची खातरजमा करून परतली; तिच्यामागून दाणा गेला. ज्या वाटेने पित्त बाहेर आले होते त्याच वाटेने तो आत शिरला, काही मिलिमीटर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मोजणीचे सेकंद उतरत होते. काकूंनी मला विचारले, "ती आग मग त्यांच्या अंगात राहते का रे?" मी सांगितले की राहत नाही, दाणा परत पेटीत येतो, तुम्ही लगेच त्यांना शिवू शकता. त्यांचा विश्वास बसला नाही. दरवाजा उघडून तंत्रज्ञाने हातातले मोजणीचे यंत्र अण्णांच्या अंगावरून फिरवले आणि मान हलवली, तेव्हा कुठे बसला. त्या पाच-सहा मिनिटांत पडद्यावर अण्णांचे ओठ किंचित हलत होते आणि डाव्या हाताची बोटे लिंगावर मिटलेली होती. अंगठा मात्र वर, किंचित उघडा, जणू दिव्याला वारा लागू नये म्हणून आडोसा धरावा तसा.

आठवड्याच्या अंतराने असे तीन वेळा झाले. नंतर आत स्टेंट बसवला, बाहेरची पिशवी गेली, आणि आम्ही सोलापूरला परतलो. पुढचे अकरा महिने सुखाचे होते असे म्हणणार नाही. दोन वेळा पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होऊन थंडी वाजून ताप भरला आणि रुग्णालयात न्यावे लागले. अन्नाची वासना कमी कमी होत गेली. पण खाज परत आली नाही. सकाळी दहा ते बारा नातीची मोडीची शिकवणी चाले. ती पहिल्यांदा एका जुन्या खरेदीखताची पहिली ओळ अडखळत, पण कोणाच्या मदतीवाचून वाचून गेली, तो दिवस मी पाहिला. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता-सोहळ्याला जाण्याचे बळ अण्णांना नव्हते, म्हणून त्यांची खुर्ची रस्त्याकडेला ठेवली, आणि सातही नंदीध्वज त्यांनी डोळे भरून पाहिले.

चैत्रात पुन्हा कावीळ दिसू लागली. डॉक्टरांनी आणखी एक नळी घालून पाहता येईल असे सुचवले. अण्णांनी त्यांचे आभार मानले आणि नको म्हणून सांगितले. "आता तारीख नको. माझ्या बाजूचं सगळं दाखल झालंय," एवढेच ते मला म्हणाले. याप्याची हद्द कोठे संपते हे त्यांनी स्वतःच ठरवले. ते ठरवण्यासाठी जे स्वास्थ्य लागते ते त्यांना मधल्या महिन्यांनी मिळवून दिले होते. अखेरचे सोळा दिवस ते घरीच होते. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, आणि काकू त्यांचा हात धरून रात्रंदिवस बसून असत.

आमच्यात दहन नाही. देहाला स्नान घालून, विभूती लावून, बसत्या आसनात काळ्या मातीत ठेवतात. जंगमस्वामींनी खाली उतरून करडगीतले लिंग काढले, अण्णांच्या डाव्या तळहातावर ठेवले आणि एक एक बोट मिटवून दिले. अंगठा मिटेना, तो वर, किंचित उघडाच राहिला. स्वामींनी दोनदा दाबून पाहिला. मी वरून त्यांना म्हणालो, "स्वामी, राहू द्या तसाच."